भुसा पिंपात, मशीन सुखरूप

गेल्या महिन्यात अंबरनाथकडच्या एका भगिनीचे पत्र आम्हांला आले. चार पाने, दोन्ही बाजूंनी भरलेली. त्यांचे यजमान घराच्या पुढच्या खोलीतच फर्निचरचे काम करतात. किचन ट्रॉल्या, टीव्हीचे युनिट, चपलांचे रॅक. मागच्या खोलीत संसार आणि मधे फक्त एक पडदा. ताई लिहितात, "कणीक मळायला घेतली की परातीत आधी भुसा आणि मग पीठ. धाकटा रात्री खोकतो. बचत गटातून कर्ज काढून व्हॅक्यूम मशीन घेतले, ते आठ महिन्यांत जळाले. हप्ते अजून चालूच आहेत. आता ह्यांचे मित्र म्हणतात की मशीनच्या आधी सायक्लोनचा एक डबा लावायचा, म्हणजे मशीन जळत नाही. हे खरे आहे, की नुसती विकणाऱ्यांची बोलबच्चन आहे? पुन्हा पैसे घालावे की नाही, एवढेच सांगा."

एवढेच सांगायचे तर, मशीनसाठी घालावे. पण पत्रात मशीनइतकाच मुलाचा खोकला आहे आणि त्याचे उत्तर निराळे आहे. म्हणून या खेपेस सगळी जागा आम्ही या एकाच पत्राला दिली आहे. घरात सुतारकाम, पॉलिशकाम करणारी कुटुंबे आमच्या वाचकांत थोडीथोडकी नाहीत. शिवाय आमचे मेहुणे नाशिकरोडला हेच काम करतात आणि असा डबा तीन वर्षे वापरत आहेत. पत्र घेऊन आम्ही त्यांच्याकडे दोन दिवस राहून आलो. तेव्हा पुढे लिहिले आहे त्यातले बरेचसे डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आधी मशीन का जळाले ते पाहू. ताईंनी मशीनचे जे वर्णन केले आहे त्यावरून ते घर झाडायचे साधे मशीन दिसते, सतरंजी आणि सोफा झाडण्यासाठी केलेले. अशा मशीनमध्ये बहुधा जी हवा कचरा ओढून आणते, तीच फिल्टरमधून गाळून मोटरवरून जाते आणि मोटरला थंड ठेवते. प्लायवूडचा किंवा एमडीएफचा भुसा मैद्यासारखा असतो. तो फिल्टरच्या कापडावर साय धरल्यासारखा बसतो. हवा कमी झाली की मोटर तापते आणि तापता तापता एक दिवस वास येतो. कारखान्यात वापरायच्या ओल्या-कोरड्या मशीनमध्ये मोटरच्या थंडाव्यासाठी हवेची वाट वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे ती मशीन जास्त टिकते. पण फिल्टर तिचाही बुजतोच आणि ओढ कमी होते. ओळखायची खूण सोपी आहे. फिल्टर तुंबला की मशीनचा आवाज चढतो, बारीक आणि किरकिरा होतो. पुष्कळांना वाटते की आवाज वाढला म्हणजे मशीन जोरात ओढते आहे. प्रकार उलटा असतो. ओढायला हवाच न राहिल्यामुळे मोटर मोकळी पळत असते.

आता सायक्लोन. नाव वादळाचे असले तरी वस्तू साधी आहे. वर गोल, खाली निमुळते असे नरसाळे आणि त्याच्या खाली घट्ट झाकणाचे पिंप. नरसाळ्याला दोन तोंडे. एक बाजूला, भिंतीला लागून आडवे शिरणारे. दुसरे वर, बरोबर मध्यावर. बाजूच्या तोंडाला हत्याराकडून येणारी नळी जोडायची आणि वरच्या तोंडाला मशीनकडे जाणारी. यात मोटर नाही, पाते नाही, हलणारा एकही भाग नाही.

ज्या घरांत अजून शेती आहे त्यांना हे लवकर समजेल. खळ्यावर वारे देताना आपण टोपली उंच धरतो. दाणा जड म्हणून पायाशी पडतो, भूस हलके म्हणून वाऱ्याबरोबर पुढे जाते. सायक्लोनमध्येही हवा आणि कण यांची अशीच फारकत होते, पण गोल फिरवून. बाजूने शिरलेली हवा नरसाळ्याच्या भिंतीला धरून गरगर फिरते. हवेला वळणे सोपे जाते, कणाला जात नाही. एसटी वळणावर आली की आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो, तसा कण भिंतीकडे फेकला जातो, भिंतीला घासून त्याचा वेग मरतो आणि तो घरंगळत खाली पिंपात पडतो. हवा मात्र तळाजवळ वळते आणि मधल्या पोकळीतून वर चढून मशीनकडे निघून जाते. वावटळीत धूळ वर उडते, इथे खाली कशी जाते, असे मेहुण्यांच्या मुलीने विचारले. उत्तर असे की वावटळीला भिंत नसते.

फेकण्याचा हा जोर किती असावा? मशीनमधून सेकंदाला ३० लिटर हवा जाते असे धरा. ५० मिलिमीटरच्या नळीतून ती सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने येते, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर, रस्त्यावरच्या गाडीइतकी. हाच वेग सात सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणात घातला की कणाला भिंतीकडे ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या ३०० पटींहून जास्त होतो. वळण जितके लहान तितका जोर मोठा. म्हणून लहान मशीनला लहानच नरसाळे लागते. गिरणीच्या छपरावरचे भलेमोठे नरसाळे घरच्या मशीनला जोडले तर हवा त्यात आळसावेल आणि काहीच वेगळे होणार नाही.

गिरणीचे नाव उगाच घेतले नाही. डाळ मिल किंवा मोठी पिठाची गिरणी पाहिलेल्यांना छपरावरचा तो पत्र्याचा उलटा शंकू आठवेल. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जॉन फिंच यांना तिचे पेटंट १८८५ साली मिळाले. पुढे लाकडाच्या वखारी, सिमेंटचे कारखाने, बॉयलरची धुराडी, सगळीकडे ती गेली. घरात यायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली. इंग्लंडमधील जेम्स डायसन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस एका लाकूड वखारीवरचा सायक्लोन पाहिला आणि घरी येऊन आपल्या व्हॅक्यूम मशीनची पिशवी काढून तिथे पुठ्ठ्याचा शंकू बसवला. मनासारखे मशीन होईपर्यंत त्यांनी ५,१२७ नमुने केले आणि त्यांच्या स्वतःच्या कंपनीचे पहिले मशीन इंग्लंडच्या बाजारात आले १९९३ साली. आज दुकानात पिशवीवाचून जी मशीन दिसतात त्यांतली बरीच याच वाटेची आहेत.

सुताराला तेवढे नवे मशीन नको असते. त्याला आहे त्या मशीनच्या आधी एक नरसाळे आणि एक पिंप हवे असते. प्लास्टिकचे तयार नरसाळे बाजारात मिळते. पिंपाबद्दल मात्र आम्हांला जरा खुलासा करावा लागेल, कारण इथेच आमची फजिती झाली.

पहिला डबा करताना मेहुण्यांबरोबर आम्हीही होतो. शहाणपण आमचेच. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घरात पडली होती, ती घ्या म्हटले, फुकटचे काम. झाकणाला भोक पाडले, नरसाळे बसवले, मशीन चालू केले. पाच मिनिटे सर्व छान. मग रंध्याची एक लांब साल नळीच्या तोंडाला आडवी बसली आणि दुसऱ्या क्षणी बादली दाबलेल्या पाण्याच्या बाटलीसारखी आत बसली. ठो असा आवाज झाला. शेजारचे लोक बाहेर आले. बहीण आजही पाहुण्यांना हा प्रसंग सांगते आणि बादली दाखवते.

नंतर हिशेब करून पाहिला. चांगल्या मशीनचे तोंड पूर्ण बंद झाले तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा १८ किलोपास्कलपर्यंत सहज उतरतो. म्हणजे बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला १८० ग्रॅमने आत दाबते. ऐकायला हे थोडे वाटते. पण ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ७०० चौरस सेंटिमीटर असते, तेव्हा नुसत्या झाकणावर सव्वाशे किलोंचा भार आला. दोन माणसे झाकणावर उभी राहिल्यासारखे. रंगाची बादली ते कसे सोसणार?

तेव्हा केमिकलची निळी जाड पिंपे मिळतात, गोल अंगाची, झाकणाला लोखंडी कडे आवळायची, ती घ्यावी. ती जुनी विकत मिळतात. आत पूर्वी काय होते ते विचारून, धुऊन, वाळवून घ्यावीत. चौकोनी डबा घेऊ नये, त्याची सपाट भिंत आधी आत जाते. एवढे करूनही सायक्लोन आणि मशीन यांच्या मधल्या नळीवर एक स्प्रिंगची झडप मेहुण्यांनी लावली आहे. नळी तुंबली की ती आपोआप उघडून बाहेरची हवा घेते. ही झडप मधल्या नळीवरच हवी. पिंपावर लावली तर सगळेच बिघडते आणि ते का, हे समजून घेणे फार जरुरीचे आहे.

सायक्लोनचा खरा शत्रू गळती. भुसा ज्या तोंडाने खाली पडतो, त्याच्या खाली पिंपात हवा स्वस्थ असली पाहिजे. पिंपाच्या झाकणातून बारीकशी हवा जरी आत शिरली, तरी ती नरसाळ्याच्या तळातून वर धावते आणि पडणारा भुसा उचलून थेट मशीनमध्ये नेते. बाहेरून काही दिसत नाही. माणूस म्हणतो, डबा लावला तरी फिल्टर भरतोच, फसवले मला. मग नरसाळ्याला नावे ठेवली जातात आणि दोष असतो झाकणाखालच्या रबराचा. तपासायचे असे: मशीन चालू ठेवून झाकणाच्या कडेने उदबत्ती फिरवा, धूर जिथे आत ओढला जाईल तिथे गळती. हे मात्र पिंप रिकामे आणि पुसलेले असताना, आजूबाजूला भुसा किंवा थिनर नसताना करावे. नाहीतर ओल्या बोटाने चाचपावे, गार लागते तेही पुरते. खिडकीला लावतात ती फोमची पट्टी झाकणाखाली चिकटवली की बहुतेक गळती बंद होते.

दुसरी चूक आम्ही दोन ठिकाणी पाहिली, नळ्या उलट जोडण्याची. मशीनची नळी बाजूच्या तोंडाला आणि हत्याराची मधल्या. मग हवा फिरतच नाही. वरच्या तोंडाची नळी आत थोडी खाली उतरलेली असते, ती याच कारणासाठी, की बाजूने आलेली हवा एक फेराही न मारता वरच्या वर सटकू नये. काही जण ही आत आलेली नळी अडचण समजून कापून टाकतात. कापू नये.

तिसरी चूक आळसाची. पिंप काठोकाठ भरू देणे. भुसा नरसाळ्याच्या तळाला पोहोचला की त्या घटकेपासून सगळा माल मशीनमध्ये. दोन तृतीयांश भरले की ओतावे. रंध्याच्या मशीनला जोडलेत तर हे काही मिनिटांतच होते. खरे तर त्या कामाला व्हॅक्यूम मशीन पुरतही नाही, तिथे चार इंची नळीचा मोठा पंखा लागतो. आपले मशीन सँडर, राऊटर, हातकरवतीचे मशीन आणि खोली झाडणे यांसाठी ठीक.

मेहुण्यांनी आमच्यासमोर दिवसभर काम केले आणि संध्याकाळी दोन्ही उघडून दाखवले. पिंपात घमेलेभर भुसा होता. मशीनच्या डब्यात चमचाभर भुकटी. पूर्वी त्यांना फिल्टर दिवसातून तीनदा झटकावा लागे, आता आठवड्याने. आणखी एक फायदा बहिणीने सांगितला. दिवाळीच्या साफसफाईत तिच्या कानातल्याची फिरकी ओढली गेली, ती पिंपात अलगद वर पडलेली मिळाली. पिशवीत गेली असती तर धुळीच्या गोळ्यात शोधत बसावे लागले असते.

आता त्या चमचाभर भुकटीबद्दल. पत्रातला खोकला तिथे आहे.

सायक्लोन जड ते पकडतो. जो कण अगदी बारीक, त्याला हवेबरोबर वळणे हवेइतकेच सोपे जाते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनच्या खालचे कण घशाच्या पुढे उतरतात आणि चार-पाच मायक्रॉनच्या खालचे पार फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. नेमके हेच कण सायक्लोनमधून मोठ्या प्रमाणात निसटतात. ते मशीनच्या फिल्टरने अडवायचे असतात आणि फिल्टर साधा असेल तर तोही त्यांना सोडतो. मग मशीन मागच्या बाजूने तीच भुकटी जोराने खोलीत फुंकते. बंद खोलीत ती तासन्तास तरंगते. जमीन लख्ख दिसते, पिंप भरलेले दिसते, माणूस खूष होतो आणि श्वासात मात्र आधीसारखीच, कधी आधीपेक्षा जास्त धूळ जाते. विकणारे लोक हे सांगत नाहीत, म्हणून आम्ही ठासून सांगत आहोत. सायक्लोन मशीनचा रखवालदार आहे, फुप्फुसाचा नाही.

लाकडाच्या धुळीला साधी धूळ समजू नये. इंग्लंडात हाय विकम या गावी खुर्च्या-टेबलांचे कारखाने पुष्कळ. तिथल्या कामगारांत नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले १९६०च्या दशकात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात घातले, म्हणजे माणसाला कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या वस्तूंत. हा धोका वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्याला. लहान मुलाच्या खोकल्याचा याच्याशी लगेच संबंध जोडून ताईंनी घाबरू नये. पण दमा आणि ऍलर्जी वाढवायला वर्षे लागत नाहीत. सागाची भुकटी कित्येकांच्या कातडीलाही सोसत नाही. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये लाकडाबरोबर डिंकाची रसायनेही असतात.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात धूळ आणि धूर यांसाठी १४ वे कलम होते. धूळ जिथे उठते तिथेच ती ओढून घ्यावी असे त्यात सांगितले होते. परंतु वीज वापरणारा कारखाना मुळात दहा माणसांचा असेल तेव्हा तो त्या कायद्याखाली येई. नवराबायको मिळून पुढच्या खोलीत करतात त्या कामाला कुठला निरीक्षक येणार? तिथे जे करायचे ते आपणच.

काय करायचे? मशीन घ्यायचे तर हेपा फिल्टर बसणारे घ्यावे. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा शंभरात ९९.९७ अडवणारा. तो महाग पडतो आणि भरड भुशाने लवकर बुजतो, म्हणून त्याच्या आधी सायक्लोन. दोघांची जोडी आहे, एकाने भागत नाही. हेपा परवडत नसेल तर मशीन खोलीबाहेर, गॅलरीत किंवा मागच्या बोळात ठेवून नळी भिंतीतून आत घ्यावी. बाहेर फुंकले जाईल ते बाहेर राहील, फक्त शेजाऱ्यांची खिडकी पाहून. सँडर चालवताना तोंडाला रुमाल नको, एन-९५ मास्क हवा आणि काम थांबल्यावरही थोडा वेळ हवा. झाडूने भुसा झाडायचा तर आधी पाणी शिंपडावे. आणि पडद्याच्या जागी, जमेल तेव्हा, प्लायचे दार. घर सुताराचे आणि दार नाही, हे आम्ही मेहुण्यांच्या घरीही पाहिले आहे.

मशीनने काय ओढू नये तेही सांगून ठेवतो. लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्या आणि लाकडाचा भुसा एका पिंपात कधीही नको. ठिणगी भुशात तासभर धुमसते आणि दुकान बंद करून माणूस घरी गेल्यावर पेटते. चुलीची राख, विडीचे थोटूक, तेही नको. ग्रॅनाइट आणि लादी कापण्याची धूळ, भिंतीच्या पुट्टीची भुकटी, ही सायक्लोनमधून बरीचशी पार होते. दगडाच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसाला लाकडाहून वाईट. हिवाळ्यात कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीला वीज चढते आणि हाताला झटका बसतो. नळीला तांब्याची उघडी तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडली की हे बरेच कमी होते.

पिंपातला भुसा काही घरांत भुशाच्या शेगडीत जातो. निव्वळ लाकडाचा असेल तर हरकत नाही. प्लाय आणि एमडीएफचा घरात जाळू नये, कोंबड्यांखालीही घालू नये.

राहता राहिला ताईंच्या पैशांचा प्रश्न. जळालेली मोटर भरून घ्यावी का? घरगुती मशीनची मोटर भरून घेण्याचा खर्च विचारून पाहा. तो नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला तर भरू नये, कारण त्या मशीनची हवेची वाट तीच राहणार. हप्ते संपेपर्यंत नवे मशीन नकोच. तोवर दार, मास्क आणि पाण्याचा शिडकावा, याला फार पैसे पडत नाहीत. हप्ते संपले की ओले-कोरडे मशीन, निळे पिंप आणि नरसाळे, या क्रमाने. मुलाला मात्र हप्त्यांची वाट न पाहता या आठवड्यातच सरकारी दवाखान्यात दाखवावे आणि घरात सुतारकाम चालते हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, ते विचारतीलच असे नाही. ताईंनी पत्रासोबत खोलीचा नकाशा काढून पाठवला आहे. त्यात मागच्या भिंतीला बोळाकडे उघडणारी एक लहान खिडकी दिसते. मशीनची जागा तिच्याबाहेर होते, असे आमच्या मेहुण्यांचे मत आहे. नळी साडेतीन मीटर लागेल.